सगळे म्हणाले, सुटली

माय, तू गेलीस तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आता माझी थोरली लेक वीस वर्षांची आहे आणि मी वयानं तुझ्यापुढं निघून आले आहे. तुला आठवायचं म्हटलं की आधी तो दिवस येतो. मी तिसरीत होते, धाकटा भाऊ झाल्याला दोनच महिने झालेले. दप्तर टाकून मी आत येते तर घरभर धूर, तू चुलीपुढं बसलेली, परातीत पीठ तसंच, तव्यावरची भाकर कोळसा होत चाललेली. पाळण्यात पोरगं रडून रडून निळं पडलंय. मी म्हणते, "माय, भाकर जळाली की." तू माझ्याकडं बघतेस, पण मी कुणी परकी असल्यासारखं. "जळू दे," म्हणालीस, एवढंच. आत्यानं त्याच संध्याकाळी निकाल लावला, "बाहेरचं हाय हे. बाळंतपणात धरलंय तिला." मग दर अमावास्येला बाबा तुला देवऋषीकडं न्यायचे. परत यायचीस तेव्हा पाठीवर वळ असायचे. मी खोबरेल लावायची आणि तू हूं की चूं करत नव्हतीस. बाबा वाईट नव्हते गं. त्यांना दुसरा रस्ताच कुणी दाखवला नव्हता.

मधेमधे तू बरी असायचीस, ते महिने मी कुणाला सांगत नाही, कारण तेच जास्त छळतात. एकदा केजच्या बाजाराला मला घेऊन गेलीस. केस विंचरलेले, हिरवं लुगडं, येष्टीत खिडकीपाशी बसून तू रस्त्यातली सगळी शेतं कुणाकुणाची ते सांगत होतीस. मला कंपासपेटी घेतलीस, माझी पहिली. स्टँडवर एक माणूस स्वतःशीच बोलत, हातवारे करत फिरत होता, पोरं त्याला खडे मारत होती. मी खुदकन हसले. तू दंडाला असा चिमटा काढलास की दोन दिवस निळा डाग होता. "हसती कावून? त्याचं काय दुखतंय, तुला ठावं हाय का?" घरी येईपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. त्यानंतर पाच वर्षांत तू मला एकदाही रागावली नाहीस. रागावण्याइतकं बळच तुझ्यात उरलं नाही. शेवटी तू खाणं सोडलंस. मी घास भरवायची, तू तो गालात धरून बसायचीस. पौषातल्या एका सकाळी तू उठली नाहीस. बायका जमल्या, आणि ज्या आल्या त्या एकच शब्द बोलल्या, सुटली. मलाही तेव्हा तसंच वाटलं, माय. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

लग्न होऊन मी या गावी आले, पुढं आशाताई झाले. गरोदर बायांची नोंद, लसीकरण, घरोघरी फिरणं. काही वर्षांपूर्वी मनाच्या आजारांचं प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या ताईंनी फळ्यावर लिहिलं, झोप जाणं, भूक जाणं, बाळाकडं लक्ष न राहणं, कशातच जीव न रमणं. बाळंतपणानंतर असं होतं, म्हणाल्या, आणि औषधानं बरं होतं. त्या पुढं बोलत राहिल्या. मी उठून बाहेर नळापाशी जाऊन बसले. गोळ्या होत्या, माय. तेव्हाही कुठंतरी होत्याच. तुला फक्त तिथं कुणी नेलं नाही.

तेव्हापासून मी चावडीवर बोलते, बचत गटात बोलते, चित्रांचा तक्ता घेऊन दारोदार जाते. लोक चहा देतात, ऐकून घेतात आणि म्हणतात, "आमच्यात न्हाई बाई तसलं कुणी." दोन वर्षांपूर्वी वरच्या आळीतली एक सून दुसऱ्या मुलीच्या वेळी अशीच गप्प झाली. अंगावरचं दूध आटलं, आंघोळ सुटली. मी तिच्या सासूला चारदा सांगितलं की बीडला नेऊ, मी सोबत येते. चौथ्यांदा सासू म्हणाली, "ताई, तू लई सांगती. पर असं झालेलं माणूस तू सोता बघितलंस का कधी?"

माझ्या तोंडात तू होतीस. बघितलंय, माझी मायच तशी गेली, एवढं म्हणायचं होतं. अंगणात चार बाया बसल्या होत्या, माझी जाऊही त्यात होती. आणि माझ्या लेकीचं स्थळ बघणं सुरू होतं. मी म्हणाले, "प्रशिक्षणात सांगितलंय." सासू हसली. "मंग ऱ्हाऊ दे," म्हणाली. त्यांनी सुनेला आधी देवऋषीकडं नेलं, मग वडवणीकडं माहेरी नेऊन सोडलं. पोरी ठेवून घेतल्या. पोराचं दुसरं लग्न ठरवलं.

मी तिला भेटायला गेले होते. भिंतीला टेकून बसलेली, तुझ्याइतकीच वाळलेली. भावाला सांगून गोळ्या सुरू करवल्या, महिन्यानं त्यानं बंद केल्या. "नांदवत तर न्हाईत, आता बरी होऊन काय करती?" म्हणाला. निघताना तिनं माझा पदर धरला. "ताई, माझी धाकली चालाय लागली का?" मी हो म्हणाले. "पडती का लई?" तिनं विचारलं. मी पदर सोडवून घेतला. परवा तक्ता घेऊन त्याच आळीत गेले होते. त्याच सासूनं चहा दिला.

हे सगळं मी जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. घरात ठेवता येणार नाही, लिहून झालं की फाडीन. पण एक गोष्ट राहिली. गेल्या पावसाळ्यापासून मला झोप नाही आणि जेवण समोर आलं की नको वाटतं. केजला ओळखीचे भेटतात म्हणून मी एकटीच अंबाजोगाईला जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. घरी सांगितलं, मीटिंग आहे. बाईंनी शांतपणे सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "घरात आधी कुणाला असा त्रास होता का? आई, वडील?"

मी म्हणाले, "नाही." त्यांनी तसं लिहून घेतलं.