दोन फुटी की तीन फुटी

प्रिय बारक्या,

माशांची टाकी दोन फुटी घ्यावी की तीन फुटी, हे विचारायला पत्र लिहितेय. हस, मनसोक्त हस. फोन केला असता, पण मातोश्रींचे कान अजून शाबूत आहेत, भिंतीपलीकडचंही ऐकू जातं त्यांना. शिवाय आईचा विषय निघाला की नेमकी तुझ्या फोनची रेंज जाते.

आई पडली, मांडीचं हाड मोडलं, हे मी कळवलंच होतं. हाड जुळलं, पण ती उठेना. ताट तसंच्या तसं परत यायचं, आणि मातोश्री दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. डॉक्टर म्हणाले, कशात तरी मन रमवा, नाहीतर ही अशीच खंगत जाईल. रेडिओ लावून झाला, शेजारणींच्या भानगडी सांगून झाल्या, ढिम्म! मग एका गिऱ्हाइकाकडे पडद्यांचं माप घ्यायला गेले, तिथे दिवाणखान्यात माशांची टाकी. आत हिरवीगार झाडं आणि त्यांच्यातून सुळकन जाणारे मासे. पडदे राहिले बाजूला, मी तिथेच खिळले. घरी येऊन आईला सांगितलं, तर कूस बदलून विचारते कशी, ती झाडं पाण्यात कुजत नाहीत का गं? अरे, किती दिवसांनी तिने काहीतरी विचारलं होतं! मला रडूच आलं.

तेव्हापासून मी तिची निरोप्या. ती प्रश्न काढते, मी आपलं पडद्यांचं दुकान बंद केलं की माशांच्या दुकानात जाऊन उत्तर आणते. तो दुकानदार एक वल्ली आहे, प्रत्येक माशाबद्दल घरच्या माणसासारखं बोलतो. मला वाटायचं, नवशिक्याने आपली छोटी टाकी घ्यावी. तो म्हणाला, उलट! पाणी कमी असलं की जरा दाणे जास्त पडले तरी लगेच बिघडतं, जास्त पाणी चुका पोटात घालतं. टाकी उंच नको, लांब हवी. उंच टाकीत तळाच्या झाडांना उजेड पुरत नाही, आणि मासे काही जिने चढत नाहीत, आडवेच फिरतात. लहान चमकदार मासे थव्याने लागतात, एकटेदुकटे ठेवले तर घाबरून कोपऱ्यात बसतात. खाली तळ उकरणारे मिशीवाले वेगळे. हे सगळं गोकुळ सुखाने नांदायला तीन फुटी बरी. आईने हे सगळं ऐकलं, मिशीवाले तिला फार आवडले, आणि बोलता बोलता तिने अर्धं ताट संपवलं.

आणि शेवटी काय म्हणाली? दोन फुटीच आण.

का? तर म्हणे वजनाने फरशी खचेल. गवंड्याला आणून दाखवलं, तो म्हणाला हत्ती उभा करा. मग म्हणे वीज जास्त लागेल. मग म्हणे मोठ्या टाकीत मासे माजतात! मिशीवाले सोडायला तयार, थवा लहान करायला तयार, पण टाकी दोनच फूट. तुला माझा स्वभाव माहीत आहे, एखादी गोष्ट कळली नाही की मला चैन पडत नाही.

काल तिला सांभाळणाऱ्या बाईंनी तिला चाकाच्या खुर्चीतून आंघोळीला नेलं, तेव्हा मी टेप घेऊन तिच्या पलंगावर आडवी झाले. तिच्या उशीवरून टाकी किती उंचीवर दिसेल, एवढंच बघायचं होतं. टाकी ठेवायची ती समोरच. तिथे भिंतीतलं कपाट, आणि कपाट ते पुढच्या खोलीची चौकट यांच्यात बरोबर दोन फूट भिंत. तीन फुटी टाकी फूटभर चौकटीत येते. चौकट रुंद आहे, जाण्यायेण्याला काही अडत नाही. पण उशीवरून चौकटीतल्या त्याच फूटभर जागेतून पुढचं दार दिसतं रे. टाकी आली की ते झाकलं जाणार.

आता त्या दाराने कोण येतं? मी मागून येते, बाई मागून येतात, शेजारणी तर थेट स्वयंपाकघरात. सायकल तिथे लावायची म्हणून पुढून यायचास तो तू एकटा. आणि तू गेलास तेव्हा या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, असं ती ओरडली तेही तेच दार. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, आजी रोज सकाळी त्या दाराची कडी काढून ठेवायला सांगतात, हवा येते म्हणून. दार लोटलेलंच असतं, हवा कुठून येणार?

तुझं नाव ती आजही घेत नाही आणि घेणारही नाही, तुझ्यासारखीच हट्टी आहे. मी हे पाहिलं, हे तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. दुकानदाराने तीन फुटी टाकी आमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे, आणि दोन फुटी घ्यायला माझं मन होत नाही. तेव्हा काय ते तूच ठरव. एकदा पुढच्या दाराने आत ये, तिच्या उशाशी बस, चार शिव्या खा. मग तिला ते दार दिसलं नाही तरी चालेल, आणि आपण दोघं मिळून मोठी टाकी आणू. कडी काढलेलीच आहे.

तुझीच, टेप गळ्यात अडकवून वाट बघणारी,
ताई