सगळ्यात शेवटी चालणारा माणूस

४ मे
जानेवारीपासून एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल या वहीची माफी मागतो. आळस हे कारण नव्हे. लिहिण्यासारखं काही केलं नाही, आणि न केलेलं लिहू नये हे माझं तत्त्व आहे. (तत्त्व आत्ताच सुचलं. तरी बरोबर आहे.)

आता निमित्त आहे. पुढच्या महिन्यात मेहुणीचा ग्रुप आठ दिवस चालत, एका उंच खिंडीतून डोंगररांग पार करणार आहे. लग्नाच्या विसाव्या वाढदिवशी आपण दोघं त्या खिंडीत उभे असू, असा शब्द मी बायकोला दिलाय. मेहुणीची अट : रविवारी एक दिवसाची चाचणी. निभावलं तरच पुढे.

मला काळजी बायकोची.

संकल्प : रोज सॅकमध्ये वजन भरून जिने चढणे.

७ मे
वजन म्हणून बाल्कनीतली कुंडी घेतली. वरच्या मजल्यापर्यंत नेली, तिथेच ठेवली. शेजारीण म्हणाली, छान दिसते, राहू द्या. शेजारधर्म म्हणून राहू दिली. अतिसराव घातक असतो असं वाचलंय. कुठे, ते आठवत नाही.

१० मे, रविवार. पायथा
ग्रुपचा नियम कळला. सगळ्यात पुढे मेहुणी. सगळ्यात शेवटी जो सर्वांत भरवशाचा तो. त्याला ‘शेपूट’ म्हणतात. मागे कोणी राहू नये ही त्याची जबाबदारी. शिट्टी आणि औषधांची पिशवी त्याच्याकडे.

मेहुणी म्हणाली, भाऊजी, तुम्ही आणि ताई मागे. माझी योग्यता एवढ्या लवकर ओळखेल असं वाटलं नव्हतं. गडबडीत शिट्टी मात्र बायकोच्या हातात दिली. मी मागितली नाही. खूश दिसत होती बिचारी.

कुरण
गुडघाभर गवत, पिवळी फुलं, मधून पायवाट. अतिशय सुंदर, पण चढाचं. बाकीचे पुढे गेले. निसर्ग बघायची काहींना सवयच नसते.

बायको मागे पडतेय. मी थांबलो की लगेच थांबते. तिला दम खाता यावा म्हणून वारंवार थांबतो. प्रामाणिकपणे विचारायचं तर, तिला धाप लागलेली ऐकू येते का? नाही. माझ्या आवाजाखाली दबत असावी.

पाणी हवंय का, असं तिने विचारलं. म्हणजे तिलाच हवं होतं. संकोच वाटू नये म्हणून आधी मी प्यायलो. बाटली संपली.

दुपार, चढावर
नवे बूट चावताहेत. माझी सॅक आता बायकोकडे आहे. एक पाठीवर, एक पोटावर. तोल चांगला राहतो. यात काय संसार भरलायस का, असं तिने विचारलं. घडीची खुर्ची आहे. तिच्यासाठीच आणली. बसून पाहिली, मजबूत आहे.

ग्रुपमधल्या सत्तरीच्या डॉक्टरीणबाईंनी वरून ओरडून विचारलं, चढताय की उतरताय? क्षणभर मलाही सांगता येईना.

खुर्चीतून उठताना पाय उठले नाहीत. बायकोने तीनदा शिट्टी वाजवली. थकली एकदाची, म्हटलं. माथ्यावर पोचत आलेले चौघे धावत खाली आले. मी बायकोकडे बोट दाखवलं.

ते माझ्याकडे आले.

संध्याकाळ, घरी
पाय गरम पाण्यात. मेहुणी म्हणाली, ताईसारखं शेपूट ग्रुपला मिळालं नव्हतं, आठ दिवस तीच हवी. माझ्याबद्दल काही बोलली नाही. मलम दिलं.

बायको म्हणते, तू नसशील तर मीही जात नाही. वाढदिवस काय, घरीही साजरा होतो.

इथे लिहायला घेतलं होतं की तिला एकटीला पाठवणं हा माझा त्याग ठरेल. खोडलं.

चढावरून खालचं कसं दिसत होतं, असं तिला विचारलं. म्हणाली, मला काय माहीत? मी दिवसभर तुझी पाठ बघत होते.

पाय पाण्यातून बाहेर काढले. मग म्हटलं, तू जा. खिंडीतून काय दिसतं ते येऊन सांग. ती म्हणाली, आणि कुंड्या? मी घालीन पाणी, म्हटलं. ती हसली. इतकं हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

उद्या : वरच्या मजल्यावरची कुंडी खाली आणणे.