गाळणीतले तांदूळ

१२ नोव्हें.
गाडीचं इंजिन उघडलं. रविवारी मातीतल्या शर्यतीत तिसऱ्या वळणावर खडखड, मग धूर, मग सगळं गप्प. गॅरेजवाल्या नजीरभाईंनी आतला क्रँकचा दांडा दाखवला, बेअरिंग वितळून चिकटलेली. "ताई, तेलच पोचलं नाय वर." मी आणि आप्पांनी, बापलेकीनं तीन वर्षं खपून बांधलेलं इंजिन. रडू आलं, तिथेच रडले.

१३
आप्पा म्हणाले, "तेल खेळायला ठेवतात ती बेअरिंगची फट मीच चुकीची मोजली. हात थरथरतात आता." एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर अख्खी नोकरी काढलेला माणूस! जेवले नाहीत.

१५
दोनच वाटा. इंजिनाचा हाच ब्लॉक आतून तासून, बोअर करून, क्रँक घासून पुन्हा बांधायचा. पण फटी मोजायला आप्पाच हवेत, दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही. नाहीतर भंगारातून साधं इंजिन आणायचं. ऑफिसला जाण्यापुरतं. म्हणजे शर्यती संपल्या.
आप्पा : "साधंच बसव." मोजायची हत्यारं फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली त्यांनी.

१७
नजीरभाईंनी बोलावलं. तेलाची गाळणी पुढे केली. जाळी तांदळांनी बुजलेली, तेलाने काळे पडलेले दाणे. "हे काय, ताई?"
अक्षता. दसऱ्याला तेल घालायला मी झाकण काढलं आणि तशीच पूजेचं ताट आणायला घरात पळाले. इंजिनाची पूजा आप्पांनी केली. नंतर न बघता झाकण लावलं मीच. त्यानंतर गाडी जोरात पळाली ती थेट रविवारी. काय गाढव आहे मी.
सांगितलं तर आप्पांची फट बरोबर ठरेल. पण अक्षता त्यांच्याच हातच्या. नाही सांगितलं तर...

१८
रजा टाकली. पडून राहिले दिवसभर. सगळं नकोसं झालंय.

१९
सकाळी चहाला गाळणी त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "झाकण मी उघडं टाकलं. तुमची फट बरोबर होती, आप्पा."
चष्मा लावून गाळणी उलटसुलट करून बघितली त्यांनी. मग हळू म्हणाले, "उघडं दिसलं होतं मला. मुद्दामच सोडल्या अक्षता आत, चांगल्या मूठभर. इंजिनाला म्हटलं, पोरीला सांभाळ."
टर्बाइन उघडी असली की आत काही पडू नये म्हणून सगळ्यांना खिशातलं पेनसुद्धा बाहेर ठेवायला लावायचे हे आप्पा.
चहा तसाच गार झाला. ब्लॉक पुन्हा बांधायचा की नाही, ते नजीरभाईंना उद्या कळवायचंय. हत्यारं अजून माळ्यावरच आहेत.