कोपऱ्यातली रिकामी जागा

अण्णा, तुमच्यापुढे हात टेकले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आजचा माझा अख्खा दिवस तुमच्याशी भांडण्यात गेला. वाळूजच्या शेडमध्ये मी अजून तुमचेच मोटार-स्टार्टर बनवते. आता पंपवाल्यांची मोठी ऑर्डर आलीय. त्यातले सर्किट बोर्ड आपणच हाताने करायचे की बाहेर फॅक्टरीत छापून घ्यायचे, हे आज ठरवलं नाही तर ऑर्डर दुसऱ्याकडे जाणार. फॅक्टरीला फक्त बोर्डाचा नकाशा हवा, आणि तो तुम्ही जन्मात कधी काढला नाहीत.

काढणार कशाला? तुम्ही थेट बोर्डावरच्या तांब्याच्या पत्र्यावर माझ्या नेलपॉलिशने रेघा ओढायचात. शहागंजातलं दुकान बंद करून आलात की स्वयंपाकाचा ओटा तुमचा. प्लास्टिकच्या टबात ते तपकिरी फेरिकचं पाणी, त्यात बोर्ड. रेघांखालचं तांबं राहायचं, बाकीचं तांबं ते पाणी खाऊन टाकायचं. एकदा ते तुम्ही आईच्या स्टीलच्या पळीने ढवळलंत आणि पळी रात्रभर त्यातच विसरलात. सकाळी आई पळी उजेडात धरून म्हणते, "भोकं पडली की हो हिला. आता वरण वाढू का गाळू?" आणि तुम्ही चहा पीत म्हणता, "म्हंजी पाणी ताजं हाय."

पॉलिटेक्निकला असताना मी कॉम्प्युटरवर नकाशा काढून चकचकीत कागदावर छापला, इस्त्री फिरवून पत्र्यावर उतरवला. रेघा कशा एकसारख्या. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पाहिलंत. "इस्तरी कपड्याला असती. हाताला काय झालं तुझ्या?" मी कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि तुमच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. याचाच मला जास्त राग आला होता.

तर आज तुमचा एक जुना बोर्ड समोर ठेवून मीच नकाशा काढायला बसले. गंगापूरच्या शेतकऱ्याने स्टार्टरचा डबा गंजला म्हणून आणून दिलेला. आतला बोर्ड अजून ठणठणीत. डावीकडचा खालचा कोपरा मात्र रिकामा, आणि सगळ्या रेघा त्याला वळसा घालून गेलेल्या. का? उष्णतेसाठी म्हणावं तर तिथं काही तापत नाही. जास्त दाबाची वीजही तिथून जात नाही. मी पाठवलेला बोर्डाचा फोटो पाहून फॅक्टरीतल्या इंजिनिअरनेही फोनवर विचारलं, "मॅडम, हा कोपरा भरला तर बोर्ड लहान होईल. का सोडलाय?" मला काय माहीत! दुपारभर डोकं पिकवलं. शेवटी वैतागून बोर्ड उचलला, तर डाव्या हाताचा अंगठा नेमका त्या जागी बसला.

ओली नेलपॉलिश पुसली जाऊ नये म्हणून धरायला सोडलेली जागा. एवढंच. त्यामागे विद्या-बिद्या काही नाही. मी आधी चिडले, मग टेबलावर डोकं टेकून रडले.

बोर्ड फॅक्टरीतच छापून घ्यायचं ठरवलंय. तुम्हाला पटणार नाही, पण माझ्या मते तेच बरोबर आहे. हे पत्र कुणाच्या हाती जाणार नाही म्हणून सांगते. संध्याकाळी त्या इंजिनिअरचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, "तो कोपरा तसाच राहू द्या, तिथं तापतं."