उघाडी

चार्ल्सटन,
१९ ऑक्टोबर १९८६

ती. प्रल्हाददादास,

नमस्कार. वहिनीला आणि पोरांना आठवण सांग. पण तुझं हे नेहमीचंच, दादा. चार ओळींचं पत्र, त्यात तीनदा तेच. 'शेत खारं झालं, विकून टाकू, सही पाठव.' माझी तब्येत कशी आहे, हे विचारायला शाई संपली काय?

बरा आहे. मोटेलात चादरी धुतो. संध्याकाळी पाठ धरते. सोबत कामाला हेस्टरमावशी आहेत, इथल्या काळ्या लोकांपैकी, साठीच्या. मला 'बेबी' म्हणतात.

रविवारी त्यांनी गाडीतून नदीकाठी नेलं. बघतो तर आपलाच खारेपाट! भाताची जुनी शेतं, मातीचा बांध, बांधात पाणी अडवायची लाकडी उघाडी. भरतीला बंद करायची, ओहोटीला उघडायची, अगदी आपल्यासारखी.

"हे कुणी बांधलं?" मी विचारलं.

"माझ्या माणसांनी. फुकट."

अडीचशे वर्षांपूर्वी इथेही इंग्रजांचं राज्य होतं. आफ्रिकेतून भात पिकवणारी माणसं धरून आणली, बाजारात विकली. कंबरभर चिखलात उभं करून बांध घालून घेतले. साप, ताप, वर चाबूक. मावशींच्या एका पूर्वजाकडे उघाडी राखायचं काम होतं. एकदा तापात त्याचा डोळा लागला नि खारं पाणी आत शिरलं. मालकानं त्याला मारलं नाही. त्याची बायको विकली.

मावशी चादरीची घडी घालावी तसं सावकाश सांगत होत्या. मी उघाडीच्या फळीवर हात ठेवून उभा.

"बेबी, तू कशाला रडतोस? तुझा कोण तो?"

दादा, आपल्या शेतांत खारं पाणी शिरलं, त्या दुपारी उघाडी लावायची पाळी माझी होती. मी तुला म्हटलं, बंद केली होती, फळीच फुटली असेल. फळी फुटली नव्हती. मी गेलोच नव्हतो. अलिबागला शिनेमा बघत होतो. तू जाऊन अख्खी फळी बघून आलास. तरी गावासमोर म्हणालास, 'विसरलो मी.' सगळ्यांची शेतं गेली. चार वर्षं गाव तुला बोल लावतंय. आणि मी खलाशी म्हणून बोटीवर चढून पळालो.

मावशींच्या त्या माणसाला पळायला जागा नव्हती. मला तर ताप पण नव्हता.

सही पाठवत नाही. गोडं पाणी दोन-तीन वर्षं खेळवलं की खार उतरतो, तूच सांगायचास. हे पत्र गावात मोठ्यानं वाच. लाजू नकोस, लाज माझी आहे. मी कधी येईन सांगता येत नाही. इथे बोट सोडून पळाल्यापासून माझ्याकडे पासपोर्ट नाही, कागद नाहीत.

तुझा पाळी चुकवलेला भाऊ,
गुरुदत्त

सोबत उघाडीच्या नव्या फळीसाठी एकशे चाळीस डॉलर.