टपावरची पाटी

मंगळवार, संध्याकाळ

पिकअपचं ॲव्हरेज एकदम वाढलं कसं? ड्रायव्हर तोच बसण्णा, रस्ता तोच धारवाडचा. म्हणजे इतके दिवस हा डिझेल काढत होता की काय? आणि टपावरच्या पाटीचे नट एवढे चकचकीत का?

शेवटी आज विचारलंच. म्हणाला, "अण्णा, पाटी वारा अडवते. गाव सुटलं की नवनगरला उतरवतो, परत येताना लावतो. अप्पांचं नाव आहे तिच्यावर, काढा म्हणून कसं सांगू?"

खरंच. दसऱ्याच्या आयुधपूजेला वडिलांचा पहिला हार इंजिनाला नाही, त्या पाटीलाच.

आज येताना नवनगरला पाटी मीच लावली. घरी आलो तर अप्पा गाडीपाशी उभे. "नट घासलेत रे. बसण्णावर नजर ठेव."

हो म्हणालो. बसण्णाचा पाना तेव्हा माझ्याच खिशात होता.