घाटात गाडी मी चढवली, बाबा

बाबा, परवा धाकट्या भावाकडे गेले होते. तुमच्या हार घातलेल्या फोटोखाली बसून तुमचा नातू त्याच्या सासरच्या मंडळींना ती गोष्ट सांगत होता. आमच्या आजोबांनी चिखलदऱ्याच्या घाटात विलायती मोटार उलटी चढवली, आजी मागे खोकतेय, एका अंगाला दरी, पण आजोबांचा हात म्हणून हलला नाही. मंडळी वा वा करत होती. मी समोरच बसले होते. साठ वर्षं होत आली ही गोष्ट ऐकतेय, कधी तोंड उघडलं नाही. परवाही उघडलं नाही, चहा तसाच ठेवून घरी आले. पण आता लिहिते. घाटात गाडी मी चढवली, बाबा. तुम्ही नाही.

ती मोटार तुम्ही एका गोऱ्या साहेबाकडून घेतलीत, तो विलायतेला परत निघाला तेव्हा. हिरवी, कापडी छपराची, पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली. आपल्या मानोरा गावाच्या आजूबाजूला तशी दुसरी नव्हती. तुम्ही तिला बैलांच्या रांगेत बसवलंत. पोळ्याला बैलांबरोबर तिलाही हळदकुंकू, तिच्याही चाकांना गेरू. आणि बैलबंडीचा नियम तिलाही लागू, गोठ्यात उभी करायची ती तोंड रस्त्याकडे करूनच. घराकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली तर बरकत जाते म्हणे. म्हणजे रोज संध्याकाळी तिला मागे मागे आत घ्यायची. तुमची मान आखडलेली, वळायची नाही. गडीमाणसं हात लावायला घाबरायची. मग ते काम माझ्या गळ्यात पडलं, सतराव्या वर्षी.

"आंगनातून गोठ्यात. तेवढंच," तुम्ही बजावलं होतं. "फाटकाच्या बाहीर चाक गेलं तं पाय तोडीन."

दोन उन्हाळे मी ती मोटार रोज मागे घेतली. एकीकडे कडब्याची गंजी, दुसरीकडे म्हैस, मधे वीतभर जागा. आई ओट्यावरून बघायची. पुढे कशी न्यायची ते मला तुम्ही शिकवलं नाही. मुलीला पुढे कशाला जायचंय, असंच असणार तुमच्या मनात. मला त्याचा राग यायचा, आजही येतो. सकाळी तुम्ही फाटकातून भुर्रकन निघून जायचात आणि मी धुळीत उभी.

मग आईचा खोकला वाढला. कारंज्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा उन्हाळा इथे काढाल तर बाई हाती लागायची नाही, चिखलदऱ्याला न्या. दुसऱ्याच दिवशी धाकट्याला आजीजवळ ठेवून आपण तिघं निघालो. आई मागे गोधड्यांत, मी तिच्याजवळ, तुम्ही पुढे पगडी सावरत. कारंज्यात तुम्ही गाडी मुद्दाम बाजारातून नेलीत, दर दुकानापाशी भोंगा. अमरावती, परतवाडा, सगळं सपाट, सगळं छान. तुम्ही जन्मभर काळ्या मातीच्या सपाटीवर राहिलेले. डोंगर लांबून बघितलेले.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर मोटार धापा टाकून बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मी चाकामागे दगड लावला. साहेबाच्या ड्रायव्हरनं सांगून ठेवलं होतं ते तुम्हाला आठवलं. चढ उभा असला की सीटखालचं पेट्रोल पुढे इंजिनाला पोचत नाही, अशा वेळी गाडी फिरवून उलटी चढवायची. फिरवली आपण, हातभर रस्त्यात, दगड लावत लावत. तुम्ही अंगासकट वळून मागे बघायला गेलात आणि खाली सागाची झाडं दिसली, मुळं नाही, शेंडे. गाडी कडेला सरकली. कडेचा एक दगड सुटून गेला, त्याचा खाली आपटल्याचा आवाज बराच उशिरा आला. तुम्ही ब्रेकवर पाय दाबून बसलात, डोळे मिटून. स्टिअरिंगच्या चाकावरचे हात थरथरत होते. मी पाहिलं, बाबा. आईनंही पाहिलं.

"काय झालं?" आई म्हणाली.

"चक्कर येऊन राह्यली. थांबू जराशा."

"थांबून काय होईन? तिले बसू द्या."

"तिले? घाटात? डोकं फिरलं का तुयं?"

आईला खोकल्याची उबळ आली. मग ती म्हणाली, "अहो, तिले मागंच तं घेता येते. अन् आज मागंच जाचं हाये ना? मले वर न्याचं हाये का खाली लोटाचं?"

मी चाकापुढे दगड लावला, तुम्ही उतरलात, मी तुमच्या जागी बसले. डोंगराला हात टेकत चालत फिरून आलात आणि माझ्या शेजारी बसलात. मी मागचा गिअर टाकला. मनाशी म्हटलं, ही डोंगराची कड म्हणजे कडब्याची गंजी आणि ती दरी म्हणजे म्हैस. म्हशीला धक्का लावायचा नाही. इंजिनाचं पाणी उकळलं की थांबायचं, झऱ्याचं पाणी ओतायचं, पुन्हा निघायचं. दुपार सगळी त्यात गेली. तुम्ही मांडीवरची पगडी दोन्ही हातांनी धरून बसला होतात.

वर पोचल्यावर रस्ता सपाट झाला. मी मोटार फिरवली आणि जन्मात पहिल्यांदा पुढे नेली. एखादा मैल असेल. समोर रस्ता दिसतोय आणि आपण त्याच्याकडे जातोय, एवढंच. मला मोठ्यानं हसू आलं. आईही हसली. चिखलदऱ्याच्या नाक्यावरची माणसं दिसली तशी तुम्ही पगडी डोक्यावर चढवलीत.

"थांबव. उतर आता. मी बसतो."

मी थांबवली.

"उतर वं पोरी. लोकं पाह्यतीन."

"पाहू द्या," मी म्हटलं. "नाई उतरत मी."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतंत. नाक्यावरची माणसं उठून उभी राहिली आणि मी त्यांच्या मधून गाडी नेली. पंधरा दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. आई बरी व्हायला लागली होती. तिथेच तुम्ही मोटार विकलीत. आपण परतवाड्यापर्यंत बैलांच्या दमणीनं उतरलो आणि गावात पोचेपर्यंत घाटात गाडी तुम्ही चढवलेली होती. आईनं मला एकदाच सांगितलं, "जाऊ दे, बाप हाये." आई आणखी नऊ वर्षं जगली. ती होती तोवर मी जाऊ दिलं. पुढे सवय झाली. पुन्हा कोणी मला गाडीच्या चाकाशी बसू दिलं नाही, ना तुम्ही, ना सासरच्यांनी. एका मैलावर मी आयुष्य काढलं. त्या मैलावर तुमचं नाव मला चालणार नाही. तुमचा नातू येत्या रविवारी जेवायला येणार आहे, त्याला सांगणार आहे मी.

हा कागद पोळपाटाखाली ठेवीन, दुसरीकडे पाठवणार कुठे? पण खरं सांगायला बसलेच आहे तर सगळंच सांगते. नाक्यावर तुम्ही उतर म्हणालात तेव्हा माझे पाय इतके लटलटत होते की खाली ठेवले असते तर मी रस्त्यातच बसले असते. मला उतरताच येत नव्हतं, बाबा. तुम्हाला तो माझा माज वाटला. पण पाय धड असते, तरी मी उतरले नसते.